जपानचा पंतप्रधान नेमका कोण निवडतं?

२०२५ च्या ऑगस्टअखेरीस नरेंद्र मोदी जपानला गेले होते. ३० तारखेला ते आणि तेव्हाचे जपानी पंतप्रधान शिगेरू इशिबा शिंकान्सेनमध्ये, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनमध्ये, बसून टोकियोहून सेंदाईला गेले, त्याचे फोटो आपल्याकडेही सगळीकडे झळकले. पुढच्या दहा वर्षांत जपानमधून भारतात दहा लाख कोटी येनची खासगी गुंतवणूक यावी, असं उद्दिष्टही आदल्या दिवशी जाहीर झालं होतं. आणि ७ सप्टेंबरला इशिबांनी राजीनामा देत असल्याचं सांगून टाकलं. पाहुण्याच्या बॅगेतले कपडे धुवायला पडतात न पडतात, तोच यजमानाने घर सोडलं.

मुंबईतल्या एका मित्राने लगेच फोन करून विचारलं, "आता बुलेट ट्रेनचं काय?" प्रश्न साहजिक होता. मुंबई-अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा मार्ग जपानी कर्जावर उभा राहतोय. जायका ही जपानी संस्था खर्चाच्या ८१ टक्के रक्कम ०.१ टक्का व्याजाने, पन्नास वर्षांच्या मुदतीवर देणार, असं ठरलेलं. भूमिपूजन सप्टेंबर २०१७ मध्ये अहमदाबादला झालं, तेव्हा मोदींच्या शेजारी शिंझो आबे होते. त्यानंतर योशिहिदे सुगा आले आणि गेले. फुमिओ किशिदा आले आणि गेले. मग इशिबा. मग सनाए ताकाइची. एका रेल्वेमार्गाने पाच पंतप्रधान पाहिले आणि कर्जाच्या करारात त्यामुळे काही फरक पडला नाही. काम रखडलं ते मुख्यतः इकडे, जमीन संपादनात.

मित्राला मी सांगितलं, "काही होणार नाही." पण का होणार नाही, हे फोनवर सांगता येईना. कारण त्याचं उत्तर द्यायचं तर जपानमध्ये पंतप्रधान नावाची गोष्ट तयार कशी होते, तिथपासून सुरुवात करावी लागते.

कागदावरचा नियम आपल्यासारखाच आहे. लोक खासदार निवडतात, खासदार पंतप्रधान निवडतात. जपानी संसदेची दोन सभागृहं. खालच्या सभागृहात ४६५ जागा, वरच्यात २४८. दोन्हीकडे पंतप्रधानपदासाठी मतदान होतं आणि निकाल वेगवेगळे लागले तर खालच्या सभागृहाचा निकाल ग्राह्य धरतात. वरचं सभागृह बरखास्त होत नाही. खालचं चार वर्षांचं, पण पंतप्रधानाच्या मनात येईल तेव्हा ते बरखास्त होऊ शकतं आणि बहुतेक वेळा होतंच. युद्धानंतरच्या राज्यघटनेखाली बरखास्तीशिवाय पूर्ण मुदत संपून निवडणूक झाली ती एकदाच, १९७६ मध्ये. बरखास्तीचा सम्राटाचा आदेश जांभळ्या रेशमी कापडात गुंडाळून सभागृहात आणतात, सभापती तो वाचतात आणि ज्यांची खासदारकी त्या क्षणी संपली ते सगळे हात वर करून "बान्झाई! बान्झाई! बान्झाई!" असं ओरडतात. नोकरी गेल्याबद्दल जयजयकार करणारी माणसं मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

खरी गोम पुढे आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये दोन पक्ष एकत्र येऊन लिबरल डेमोक्रॅटिक पार्टी झाली. जपानीत तिला 'जिमिंतो' म्हणतात, आपणही तेच म्हणू. तेव्हापासून आजवर हा पक्ष सत्तेबाहेर राहिला तो दोनदाच. १९९३-९४ मध्ये वर्षभरसुद्धा नाही, आणि २००९ ते २०१२ अशी तीन वर्षं. एरवी सत्ता त्यांचीच, कधी एकट्याची, कधी कुणाला सोबत घेऊन. मग व्यवहारात पंतप्रधान कोण होणार? जिमिंतोचा अध्यक्ष होईल तो. जे अध्यक्ष झाले पण पंतप्रधान झाले नाहीत असे आजवर दोघंच, योहेइ कोनो आणि सादाकाझु तानिगाकी. पक्षाने सत्ता गमावली त्या काळात दोघंही अध्यक्ष झाले होते.

म्हणजे देशाचा प्रमुख ठरवणारी निवडणूक देशाची नसतेच. ती पक्षाची असते. आणि जपानची बातमी वाचताना सगळा घोळ इथूनच सुरू होतो, कारण आपण सार्वत्रिक निवडणुकीकडे डोळे लावून बसतो आणि पंतप्रधान बदलतो तो भलत्याच मोसमात.

पक्षाध्यक्षाच्या निवडणुकीचे नियम जरा किचकट आहेत, पण तेवढे समजून घेतले की बाकीचं आपोआप उलगडतं. उभं राहायचं तर आधी पक्षाच्या वीस खासदारांच्या सह्या हव्यात. प्रत्येक खासदाराला एक मत. खासदार जितके तितकीच मतं सर्वसाधारण सदस्यांच्या वाट्याला. हे सदस्य म्हणजे वर्षाला चार हजार येन वर्गणी भरणारी माणसं: शेतकरी संघटनांतले लोक, छोटे दुकानदार, बांधकाम व्यावसायिक, गावोगावचे कार्यकर्ते. २०२५ मध्ये ते नऊ लाखांच्या आसपास होते. बारा कोटींच्या वरच्या देशात नऊ लाख. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नाही मिळाली तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते आणि तिथे तराजू एकदम कलतो. खासदारांची मतं तितकीच राहतात, पण सदस्यांच्या मतांची जागा ४७ प्रांतांची ४७ मतं घेतात. थोडक्यात, पहिल्या फेरीत कार्यकर्त्यांना विचारायचं आणि दुसऱ्या फेरीत खासदारांनी आपापसात ठरवायचं.

याचा फटका इशिबांइतका दुसऱ्या कुणाला बसला नसेल. २०१२ मध्ये पाच उमेदवार होते. पहिल्या फेरीत इशिबांना १९९ मतं, त्यातली १६५ गावागावांतल्या सदस्यांची. आबेंना सगळी मिळून १४१. तेव्हाच्या नियमाने दुसऱ्या फेरीत फक्त खासदार मत देत. निकाल लागला आबे १०८, इशिबा ८९. आबे त्याच डिसेंबरात पंतप्रधान झाले, पावणेआठ वर्षं राहिले, जपानचे सगळ्यात जास्त काळ पंतप्रधान राहिलेले गृहस्थ ठरले. इशिबा कोपऱ्यात बसले. खासदारांत त्यांचं कुणाशी फारसं पटत नसे, पक्षाच्या चुका जाहीरपणे बोलून दाखवायची त्यांना सवय. लोकांना असा माणूस आवडतो. बाजूच्या बाकावर बसणाऱ्याला नाही.

बारा वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, पाचव्या प्रयत्नात, फासा उलटा पडला. उमेदवार नऊ. पहिल्या फेरीत ताकाइची १८१, इशिबा १५४, शिंजिरो कोइझुमी १३६. दुसऱ्या फेरीत इशिबा २१५, ताकाइची १९४. या वेळी खासदारांना इशिबांपेक्षा ताकाइचींची जास्त धास्ती वाटली, एवढंच. वर्षभराने इशिबा पायउतार झाले तेव्हा ४ ऑक्टोबर २०२५ च्या फेरीत ताकाइचींनी कोइझुमींना १८५ विरुद्ध १५६ ने हरवलं. आकडे फोडून पाहिले की गंमत कळते. खासदारांत १४९ आणि १४५, म्हणजे जवळपास बरोबरी. प्रांतांत मात्र ३६ आणि ११. कार्यकर्त्यांचा कौल इतका उघड होता की खासदारांना त्याच्या फार विरोधात जाता आलं नाही.

गटांचं राज्य

आमच्या जपानीच्या बाईंनी (पुण्यात जपानी शिकलेल्यांची एक वेगळीच जमात आहे) एकदा फळ्यावर तीन शब्द लिहिले होते: जिबान, कानबान, काबान. जिबान म्हणजे पायाखालची जमीन, मतदारसंघातली पक्की बांधणी. कानबान म्हणजे दुकानावरची पाटी, घराण्याचं नाव. काबान म्हणजे बॅग, आणि बॅगेत काय असतं ते सांगायला नको. निवडून यायला हे तीन 'बान' लागतात, असं तिथे म्हणतात. वडिलांकडून मुलाकडे तिन्ही आयते जातात. शिंजिरो कोइझुमी घराण्यातले चौथ्या पिढीचे राजकारणी. आबेंचे आजोबा नोबुसुके किशी पंतप्रधान, वडील परराष्ट्रमंत्री. तारो आसो हे शिगेरू योशिदा या पंतप्रधानांचे नातू. या यादीत ताकाइची वेगळ्या दिसतात. वडील नोकरदार, आई नारा प्रांताच्या पोलिसांत. पहिली महिला पंतप्रधान ही बातमी सगळ्यांनी दिली. पाटीशिवाय दुकान उघडलं, ही मला त्याहून मोठी बातमी वाटली.

पण घराणं नसेल तर बॅग कुठून आणायची? इथे 'हाबात्सु' येतात. हाबात्सु म्हणजे पक्षातले गट. आपल्याकडेही पक्षात गट असतात, पण ते कुजबुजीत असतात. जिमिंतोच्या गटांना रीतसर नावं, कार्यालयं, हिशेबनीस आणि बैठकीचा वार असे. सगळ्या गटांची जेवणाची बैठक गुरुवारी दुपारी, एकाच वेळी होई. एका माणसाला दोन ताटांवर बसता येऊ नये म्हणून. उन्हाळ्यात गटाकडून खासदाराला जे पैसे मिळत त्याला 'बर्फाचे पैसे' म्हणत आणि वर्षाच्या शेवटी मिळत ते 'मोचीचे पैसे'. मोची म्हणजे नव्या वर्षाला खातात तो तांदळाचा चिकट गोळा. दिवाळीच्या बोनससारखंच ते.

हे गट माजले ते मतदानपद्धतीमुळे. १९९४ पर्यंत खालच्या सभागृहाच्या बहुतेक मतदारसंघांतून एकाच वेळी तीन ते पाच खासदार निवडून जात. बहुमत हवं तर जिमिंतोला एकाच मतदारसंघात दोन-तीन उमेदवार द्यावे लागत. आता विचार करा, तुमचा खरा प्रतिस्पर्धी कोण? समाजवादी उमेदवार नव्हे, त्याची मतं ठरलेली. तुमच्याच पक्षाचा दुसरा उमेदवार. पक्ष तुम्हा दोघांत डावं-उजवं करू शकत नाही. मग तुम्ही एका गटाच्या पंखाखाली जाता, तो दुसऱ्या. गटप्रमुख पैसा देतो, प्रचाराला येतो, निवडून आलात की मंत्रिपदाच्या रांगेत उभं करतो. मोबदल्यात पक्षाध्यक्ष निवडताना तुमचं मत तो सांगेल तिथे.

या कारखान्याचा सगळ्यात मोठा कारागीर म्हणजे काकुएइ तानाका. निइगाता या बर्फाळ प्रांतातला, फारसं न शिकलेला बांधकाम ठेकेदार. १९७२ मध्ये पंतप्रधान झाला, पैशाच्या भानगडींवरून १९७४ मध्ये गेला, १९७६ मध्ये लॉकहीड विमानांच्या लाचखोरीत अटक झाली. पक्षही सोडला. आणि तरी त्याचा गट वाढतच राहिला. १९८२ मध्ये यासुहिरो नाकासोने पंतप्रधान झाले ते तानाकाच्या गटाच्या जोरावर, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्या सरकारचं नाव ठेवलं 'तानाकासोने'. रिमोट कंट्रोल हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगायला नकोच.

तानाका गेल्यावर पक्षाने काय केलं तेही बघण्यासारखं आहे. त्याच्या जागी मुद्दाम ताकेओ मिकी यांना आणलं. छोट्या गटाचे, पण 'क्लीन मिकी' अशी ख्याती. पैसेवाला गेला, स्वच्छ आला, लोकांना वाटलं सरकार बदललं. पक्ष तोच. जिमिंतोच्या दीर्घायुष्याचं सगळ्यात मोठं रहस्य माझ्या मते हेच आहे. मतदाराने पक्षाला हाकलण्याआधी पक्षच पंतप्रधानाला हाकलतो. २००६ पासून २०१२ पर्यंतच्या सहा वर्षांत सहा पंतप्रधान झाले, ते बघून आपल्याकडे लोक म्हणायचे, काय अस्थिर देश आहे. यातले निम्मे तर जिमिंतोचे नव्हतेच, हे खरं. पण एरवी ज्याला आपण अस्थिरता म्हणतो तो त्या पक्षासाठी प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा प्रकार आहे.

१९९४ मध्ये पद्धत बदलली. आता २८९ खासदार एकेका मतदारसंघातून आणि १७६ पक्षांच्या याद्यांतून. एका जागी एकच उमेदवार, म्हणजे तिकीट देणाऱ्याच्या हाती दोऱ्या आल्या. त्या किती घट्ट ओढता येतात ते शिंजिरोच्या वडिलांनी, जुनिचिरो कोइझुमींनी, २००५ मध्ये दाखवलं. त्यांना टपाल खात्याचं खासगीकरण करायचं होतं. जपानी टपाल म्हणजे नुसती पत्रं नव्हेत. बचत आणि विमा मिळून साधारण साडेतीनशे लाख कोटी येन तिथे पडून होते, आणि गावोगावचे पोस्टमास्तर हे जिमिंतोचे पिढीजात प्रचारक. विधेयक खालच्या सभागृहात २३३ विरुद्ध २२८ असं जेमतेम पार पडलं, ८ ऑगस्टला वरच्या सभागृहात पडलं. कोइझुमींनी त्याच दिवशी खालचं सभागृह बरखास्त केलं. वरच्या घरात मार खाल्ला आणि खालच्या घराला टाळं ठोकलं! विरोधात गेलेल्या स्वपक्षीयांची तिकिटं कापली आणि त्यांच्याविरुद्ध नवे चेहरे उतरवले. माध्यमांनी त्या उमेदवारांना 'मारेकरी' असं नाव दिलं. ११ सप्टेंबरला निकाल लागला तेव्हा ४८० पैकी २९६ जागा जिमिंतोच्या.

तरी गट उरलेच, कारण पैसा उरला. पैसा गोळा करायची पद्धत म्हणजे 'पार्टी': हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवायचा आणि साधारण वीस हजार येनला एक याप्रमाणे तिकिटं विकायची. कंपन्या घेतात, येतात मोजके लोक. प्रत्येक खासदाराला तिकिटांचा कोटा. कोट्याच्या वर विकली की वरचे पैसे खासदाराला परत. इथवर बेकायदा काही नाही. पण हे परत केलेले पैसे हिशेबात दाखवायचेच नाहीत, ही चाल आबे गटात वर्षानुवर्षं चालू होती. पाच वर्षांत साठ कोटी येनहून जास्त. २०२३ च्या शेवटी प्रकरण बाहेर आलं. जानेवारी २०२४ मध्ये किशिदांनी आपलाच जुना गट मोडीत काढला, पाठोपाठ आबे गट गेला, निकाई गट गेला. आसोंनी मात्र आपला गट मोडला नाही. २०२५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्या गटाचा कल ताकाइचींकडे झुकला आणि निवडून आल्यावर ताकाइचींनी पंच्याऐंशी वर्षांच्या आसोंना पक्षाचं उपाध्यक्ष केलं. गट बरखास्त झाले म्हणे.

मतदारांनी या पैशांची शिक्षा दिली ती इशिबांना, ज्यांचा त्यात हात नव्हता. २७ ऑक्टोबर २०२४ ला जिमिंतो आणि मित्रपक्ष कोमेइतो यांना मिळून २१५ जागा, बहुमताला हव्यात २३३. पुढच्या जुलैत वरच्या सभागृहातही बहुमत गेलं. मग कुकरची शिट्टी झाली.

परराष्ट्र धोरण: रूळ आणि हॉर्न

आता मित्राच्या प्रश्नाकडे. एवढी माणसं बदलतात तर जपानचं परराष्ट्र धोरण जागेवर कसं राहतं?

कारण त्याचे रूळ पक्षाच्या गटांनी नाही, तर १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या करारांनी टाकलेत. अमेरिकेने जपानचं रक्षण करायचं, जपानने तळांसाठी जागा द्यायची आणि आपलं लक्ष कारखान्यांवर ठेवायचं, हा तेव्हाचे पंतप्रधान योशिदा यांचा सौदा. १९६० मध्ये किशींनी, म्हणजे आबेंच्या आजोबांनी, या कराराची सुधारित आवृत्ती आणली. संसदेत धरणं धरून बसलेल्या विरोधी खासदारांना पोलिसांकरवी उचलून बाहेर काढलं आणि मंजुरी घेतली. बाहेर लाखोंचे मोर्चे. अमेरिकेच्या अध्यक्षांना आपला दौरा रद्द करावा लागला. महिन्याभरात करार आपोआप मंजूर झाला, किशींनी राजीनामा दिला. माणूस गेला, करार राहिला. जपानी परराष्ट्र धोरणाचा स्वभाव इतक्या थोडक्यात दुसरीकडे कुठे दिसत नाही.

दुसऱ्या बाजूने कुणी ढकललं तरी तेच. २००९ मध्ये जिमिंतोला हरवून युकिओ हातोयामा आले. ओकिनावाचं वचन घेऊन आले होते. हा बेटांचा प्रांत जपानच्या भूभागाच्या ०.६ टक्के, आणि जपानमध्ये फक्त अमेरिकी सैन्याच्या वापरात असलेल्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमीन तिथे. फुतेन्मा नावाचा हवाई तळ तर दाट वस्तीच्या मधोमध. तो निदान प्रांताबाहेर हलवू, असं हातोयामा म्हणाले होते. नऊ महिने खटपट केली, अमेरिका हलली नाही, कासुमिगासेकीतले (म्हणजे टोकियोच्या मंत्रालय भागातले) अधिकारी हलले नाहीत, तळ हलला नाही. जून २०१० मध्ये हातोयामा हलले.

म्हणून पंतप्रधान बदलला तरी जायकाचं कर्ज, मेट्रो-३ चा निधी, अटल सेतूसाठी दिलेला पैसा यांना धक्का लागत नाही. ही कामं रुळांवरची. इतकंच काय, १९७६ मध्ये मिकींनी संरक्षणखर्चाला राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याची मर्यादा घातली होती, ती सोडून २०२७ पर्यंत दोन टक्क्यांवर जायचं आणि पाच वर्षांत ४३ लाख कोटी येन खर्च करायचे, हा निर्णय २०२२ मध्ये घेतला तो किशिदांनी. पक्षातल्या सगळ्यात मवाळ समजल्या जाणाऱ्या गटाच्या माणसाने. चीन आणि उत्तर कोरिया समोर असताना दुसऱ्या कुणी वेगळं काही केलं असतं, असं मला वाटत नाही.

पक्षातलं राजकारण परराष्ट्र धोरणात शिरतं ते हॉर्नमधून. दिशा तीच, आवाज वेगळा. आणि हा आवाज बहुतेक वेळा परदेशासाठी काढलेला नसतो.

यासुकुनीचं उदाहरण घ्या. टोकियोतलं हे शिंतो देवस्थान १८६९ मधलं. युद्धांत मेलेल्या सुमारे २४ लाख ६० हजार जणांचे आत्मे तिथे वास करतात अशी श्रद्धा. १९७८ मध्ये त्यांत पहिल्या श्रेणीच्या चौदा युद्धगुन्हेगारांची नावं घातली गेली. १९८५ पासून पंतप्रधान तिथे गेला की चीन आणि कोरिया भडकतात. (तिथल्या आवारात राधाबिनोद पाल यांचं स्मारक आहे. महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात सगळे आरोपी निर्दोष आहेत असं वेगळं निकालपत्र लिहिणारे आपले कलकत्त्याचे न्यायमूर्ती. कुणाच्या अंगणात आपली आठवण कशासाठी जपली जाते, हे बघून मला थोडं अवघडल्यासारखं होतं.)

२००१ मध्ये जुनिचिरो कोइझुमी अध्यक्षपदासाठी उभे होते. समोर रिउतारो हाशिमोतो, सगळ्यात मोठ्या गटाचे आणि पूर्वी युद्धात मेलेल्यांच्या कुटुंबीयांच्या संघटनेचे अध्यक्ष राहिलेले. या संघटनेचे लोक मोठ्या संख्येने जिमिंतोचे वर्गणीदार सदस्य, म्हणजे मतदार. कोइझुमींनी जाहीर केलं, "पंतप्रधान झालो तर १५ ऑगस्टला यासुकुनीला जाईन." बाण बीजिंगवर नव्हता, हाशिमोतोंच्या मतपेटीवर होता. पण एकदा बोलल्यावर जावं लागलं, दर वर्षी एकदा, आणि त्यापायी चीनबरोबरच्या शिखरभेटी वर्षानुवर्षं बंद पडल्या. खुद्द १५ ऑगस्टची तारीख त्यांनी पाळली ती शेवटच्या वर्षी, २००६ मध्ये, जायच्या महिनाभर आधी. मग आबेंनी सूत्रं हातात घेताच आधी बीजिंग गाठलं. आबे म्हणजे कोइझुमींपेक्षा कडवे राष्ट्रवादी. पण त्यांना त्या वेळी पक्षात काही सिद्ध करायचं नव्हतं.

ताकाइची मंत्री असतानाही नियमाने यासुकुनीला जात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अध्यक्ष झाल्यावर शरदोत्सवाला मात्र त्या गेल्या नाहीत. कारण तोवर त्यांच्या पायाखालची सतरंजी ओढली गेली होती. १० ऑक्टोबरला कोमेइतोने २६ वर्षांची युती मोडली. कोमेइतोच्या मागे सोका गाक्काई ही बौद्ध संघटना, तिची मतदारसंघामतदारसंघात हजारोंची ठरलेली मतं तोवर जिमिंतोच्या उमेदवारांना पडत. कारण सांगितलं राजकीय देणग्यांवरच्या नियमांचं. पण कोमेइतो हा पक्ष चीनशी जुना संबंध राखून आहे. १९७२ मध्ये तानाका बीजिंगला जाऊन संबंध जोडून आले त्याआधी चीनचे पंतप्रधान चाउ एन-लाय यांच्या अटी टोकियोत घेऊन आले होते ते कोमेइतोचेच अध्यक्ष. गाडीला एवढी वर्षं लागलेला हा ब्रेक निघाला आणि जागी आला ओसाकाचा इशिन पक्ष, संरक्षणाच्या बाबतीत जिमिंतोपेक्षाही पुढे धावणारा. त्यांच्या पाठिंब्यावर २१ ऑक्टोबरला खालच्या सभागृहात २३७ मतांनी ताकाइची पंतप्रधान झाल्या.

३१ ऑक्टोबरला दक्षिण कोरियात त्या शी जिनपिंग यांना भेटल्या, हस्तांदोलन झालं. ५ नोव्हेंबरला होक्काइदोहून चीनकडे सहा टन स्कॅलप रवाना झाले. स्कॅलप म्हणजे पंख्याच्या आकाराचे मोठे शिंपले, जपानचा महत्त्वाचा मासळी निर्यातमाल. फुकुशिमा अणुप्रकल्पाचं प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडलं म्हणून चीनने ऑगस्ट २०२३ पासून जपानी मासळी बंद केली होती, त्यानंतरचा हा पहिला माल.

७ नोव्हेंबरला संसदेच्या अर्थसंकल्प समितीत विरोधी पक्षाचे कात्सुया ओकादा ताकाइचींना तैवानबद्दल विचारत होते. २०१५ च्या कायद्याप्रमाणे जपानवर थेट हल्ला झाला नसला तरी, देशाचं अस्तित्वच धोक्यात येईल अशी स्थिती उद्भवली तर सैन्य वापरता येतं. ती स्थिती नेमकी कधी, हे आजवर कुठल्याही पंतप्रधानाने तैवानचं नाव घेऊन सांगितलं नव्हतं. मोघम बोलायचं हाच शिरस्ता. ओकादा खोदून विचारत राहिले आणि ताकाइची म्हणून गेल्या की युद्धनौका आणून बळाचा वापर झाला तर ती अशी स्थिती ठरू शकते.

दिशा म्हणाल तर यात नवं काही नव्हतं. कायदा दहा वर्षं जुना, अर्थ सगळ्यांना ठाऊक. फक्त मोठ्याने म्हटलं गेलं. १४ नोव्हेंबरला चीनने आपल्या नागरिकांना जपानला जाऊ नका असं सांगितलं. ताकाइचींनी पुढे असं उदाहरण देऊन बोलणार नाही एवढं कबूल केलं, पण शब्द मागे घेतले नाहीत. ज्या सदस्यांनी त्यांना ४७ पैकी ३६ प्रांत दिले, त्यांच्यासमोर ते घेणं शक्यही नव्हतं. होक्काइदोचे स्कॅलप जेमतेम चीनच्या वाटेला लागले होते. पंधरवड्याच्या आत ती वाट पुन्हा बंद झाली.